बाटली परत देऊ नका

फोनवरची नर्स म्हणाली, आधी बसा.
मी उभीच राहिले.
मग म्हणाली, आजची गोळी देऊ नका,
त्यांना लगेच घेऊन या, रक्त तपासू,
आणि बाटली परत देऊ नका कुणाला.
औषधवाल्याला तर नाहीच.

रेइनो बूट चढवत होता सावकाश,
जणू बर्फाला भोक पाडून मासे धरायला निघालाय.
"मला काही होत नाहीये, आयली."
बेचाळीस वर्षं हेच ऐकतेय.
लाकडाच्या गिरणीत करंगळी गेली
त्या दिवशीही हेच.

रक्त पातळ ठेवायची गोळी.
सहा वर्षं फिकट जांभळी यायची,
या खेपेला आली पिकल्या पीचसारखी.
लेबलवर नाव त्याचंच, आकडा दोनचाच,
आत पाच.
जांभळा रंग कुठे गेला ते दहाव्या दिवशी कळलं:
दंडावर, बरगड्यांवर,
आणि मांडीवर एक, ताटलीएवढा,
जिथे काहीच लागलं नव्हतं.

चाळीस मैल मी पंचवीसच्या वेगाने गेले.
डाव्या हाताला लेक सुपीरियर
काठापासून नजर पोचेल तिथवर गोठलेला,
आणि शेजारी बसलेल्या माणसाचं रक्त
गोठायला तयार नव्हतं.

दोन रात्री ठेवून घेतलं. वाचला.
एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर हात कापतो.

रविवारी ड्वेन लाप्लांट दारात.
टोपी हातात, कानांच्या पाळ्या लाल,
बरोबर योग्य गोळ्या, पैसे नकोत म्हणाला.
याच्याच बापाने हिमवादळात
ट्रॅक्टरवरून माझ्या आईचं औषध पोचवलं होतं.
"चूक झाली," म्हणाला, "त्या दिवशी मी एकटाच होतो."
मग हळूच, "ती बाटली दिलीत तर...
हिशेब जुळवायचाय."

हिशेब.
वहीच्या तळाशी लिहितात ना,
चूकभूल द्यावी घ्यावी.
दिली तू, ड्वेन.
घेतली रेइनोने.
कोमट पाण्याबरोबर, नऊ रात्री.

हे मी बोलले नाही.
म्हटलं, कॉफी घेणार?
प्यायला दोन कप.
बाटली पिठाच्या डब्यात होती,
त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर.
मी दिली नाही.

रात्री स्वयंपाकघरात कागद घेतला.
तारखा. कुठल्या रात्री किती वाजता.
उरलेल्या गोळ्या मोजल्या, एकवीस,
पुन्हा मोजल्या.
बाटलीचा फोटो, लेबलचा फोटो,
मांडीचाही, रेइनो लाजला तरी.
पहिलं पत्र नुसता संताप, शेगडीत घातलं.
दुसऱ्यात ड्वेनची इतकी कीव आली
की वाचणाऱ्याला वाटावं
मीच त्याची माफी मागतेय.
तिसरं राज्याच्या बोर्डाला पाठवलं,
विशेषणं काढून.

त्यात एक ओळ लिहिली, खोडली,
पुन्हा लिहिली:
रंग बदललेला मला पहिल्याच रात्री दिसला होता.
वाटलं, कंपनी बदलली असेल.
दुकानाला फोन करून विचारायला
एक मिनिट लागलं असतं.
मी भांडी घासत होते.

रेइनोने पत्र वाचलं, चष्मा काढला.
"ही ओळ कशाला?"
खरी आहे म्हणून, म्हटलं.
तो लाकडं आणायला गेला
आणि बराच वेळ आत आला नाही.

बोर्डाचं उत्तर आलं, चौकशी चालू आहे.
गावात कुणी बोलतं, कुणी बोलायचं थांबलंय.
ड्वेनच्या बायकोने चर्चमध्ये
बाक बदलला.

आणि तरी महिन्याच्या तीन तारखेला
मी त्याच काउंटरसमोर उभी असते,
दुसरं दुकान चाळीस मैलांवर आहे
आणि मार्चपर्यंत रस्त्याचा भरवसा नाही.
झाकण तिथेच उघडते.
गोळ्या तळहातावर ओतते,
रंग बघते, कोरलेला आकडा बघते,
मोजते, तीसपर्यंत, ओठांनी.
मागे रांग. कुणीतरी खाकरतं.
ड्वेन काही म्हणत नाही.
टेबलावरचा दिवा
थोडा माझ्याकडे सरकवतो.