अकरा पूर्णांक चार किलोमीटर

ओरोझाली बायके,
तुम्ही निवृत्त झालात त्या आठवड्यात
पॅनेल सातच्या दारामागे चिठ्ठी सापडली,
पिवळी पडलेली, टाचणी गंजलेली:
"हे सेटिंग मला विचारल्याशिवाय बदलू नये."
खाली सही, आणि साल माझ्या जन्माच्या आधीचं.

मी विचारलं नाही.
बिश्केकहून नवे रिले आले पुठ्ठ्याच्या खोक्यांतून.
पडद्यावर हिरवे आकडे. आत चकती नाही, स्प्रिंग नाही,
मोहरीएवढा तो लाल खडा नाही.
आणि तुमच्या जुन्या रिलेच्या काचेखाली
कुठल्याशा उन्हाळ्यात मरून पडलेली माशी,
जिला वळसा घालून तुम्ही दरवर्षी ब्रश फिरवायचात,
तीही नाही.

तुम्ही शिकवलंत ते मोजकंच.
सीटीची दुय्यम बाजू कधी उघडी सोडायची नाही.
घर पेटू दे, बाई अडू दे, आधी जोड, मग पळ.
सांगताना डावा हात पुढे करायचात.
त्यावर साडेतीन बोटं.

आणि थांबणं.
जिथं बिघाड, तिथला ब्रेकर आधी उघडेल,
मागचा थांबेल, त्याच्या मागचा आणखी थांबेल.
"चार दशांश सेकंद, पोरी.
तेवढा भरवसा ठेवायचा शेजाऱ्यावर."
आमच्या घरात त्या काळी
तेवढाही कोणी कोणावर ठेवत नव्हतं.

परवा रात्री दोन सतराला फीडर गेला.
उणे एकतीस. नारिनवर बर्फ, तारांवर बर्फ.
नोंदीत दिसलं: मधली फेज, जमिनीला,
अंतर अकरा पूर्णांक चार किलोमीटर.
ड्रायव्हर झानीबेकनं आकडा वाचला
आणि गाडी सुरू करता करता म्हणाला,
"हा तर म्हाताऱ्याचा पॉप्लर."

तोच होता.
शरद ऋतूत तोडतो म्हणालेलात.
अर्धी फांदी तारेवर, अर्धी गोठ्याच्या छपरावर,
आणि तुम्ही नमद्याच्या बुटांत, हातात करवत,
जणू आम्हीच उशीर केला.
"किती?"
"अठ्ठ्याऐंशी मिलिसेकंद."
"मागचा?"
"थांबला. शहराला कळलंसुद्धा नाही."
तुम्ही मान हलवलीत, जरा नाराजीनंच,
नव्या सुनेचं जेवण चांगलं निघावं तशी.

चारला आठ कमी असताना तार मोकळी झाली.
मी फोन केला, पलीकडून ब्रेकर लागला.
सोनुनबू आपांनी चहा ठेवलेला, गार बोर्सोक.
ओसरीच्या भिंतीवर तुमचं जुनं मीटर,
शिशाच्या सीलवर तुमच्याच पकडीचा नंबर.
नवं मीटर तीन वेळा गाडीतून आणलंय मी
आणि तीन वेळा तसंच परत नेलंय.

चकती आधी थरथरली, मग निघाली.
घरात एकच दिवा, शंभर वॅटचा.
फेरीला तीस सेकंद लागायला हवेत.
सवयीनं मी काळी खूण धरून मोजलं:
अठ्ठावीस.
पुन्हा मोजलं. अठ्ठावीस.
"बायके, हे पळतंय. तुम्ही जास्त पैसे भरताय."
"माहीत आहे."
"किती वर्षं?"
"हळू चाललं असतं तर त्याच दिवशी काढलं असतं."
आपा चुलीकडे बघून काहीतरी पुटपुटल्या,
ते पैशांबद्दलच असावं.

मग मी म्हटलं, आता म्हणावंच लागलं,
"पॅनेल सातचं सेटिंग बदललंय."
"कधी?"
"वसंतात."
"मग आता कशाला विचारतेस?"
असं म्हणून तुम्ही माझ्या वाडग्यात चहा ओतलात,
अर्धाच, आमच्याकडे पाहुण्याला ओततात तसा,
म्हणजे बस अजून.

झानीबेक बाहेर हॉर्न वाजवत होता.