किती मोडलं तर चालेल

लेबूच्या नगरपालिकेत, रॉकेलच्या शेगडीभोवती,
पहिल्याच बैठकीत मी हा प्रश्न टाकला
आणि हिशेबनीस ओसोरेस खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले:
"बाई, पैसे आम्ही न मोडणाऱ्या इस्पितळाचे देतोय."

न मोडणारं काही मला येत नाही, मी म्हटलं.
एवढंच सांगता येतं:
लहान हादऱ्यात काय जागचं हलणार नाही,
मोठ्यात काय वाकेल,
आणि अडीच हजार वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या त्या थोरल्यात
काय वाकूनही उभं राहील
माणसं जिन्याने खाली येईपर्यंत.

ओसोरेस छताकडे बघत राहिले.
बोलली ती बाळंतिणींच्या कक्षातली दोमितिला:
"गिलावा पडू दे. आरसे फुटू देत.
काचेच्या पेटीतल्या पोरांचा दिवा विझता कामा नये.
आणि पाणी. गेल्या वेळी पाणी नव्हतं."

मी ते तसंच्या तसं वहीत उतरवलं.
इतकी स्वच्छ अट
कुठल्याही संहितेत मला सापडलेली नाही.

पुढे सात महिने संगणकात
मी ते इस्पितळ रोज पाडलं.
परगावचे जुने भूकंप आणून त्याच्या पायाशी सोडले,
मजल्यावरून मजला किती सरकतो ते मोजलं,
शंभरात एक, शंभरात दोन,
खांब आधी गेला की पुसून पुन्हा मांडलं.
खांब जायचा नाही. तुळई जाऊ दे.
तुळईसुद्धा सांध्यात नाही,
सांध्यापासून हातभर अलीकडे,
मी सांगेन तिथे.

म्हणून तिथे तुळईची कंबर कोरायची.
वरच्या पट्टीतून, खालच्या पट्टीतून,
दोन्ही कडांनी एकेक चंद्रकोर पोलाद काढून टाकायचं.

नोल्बेर्तो उएनुपानने नकाशा आधी उलटा धरला, मग सुलटा.
चाळीस वर्षं जहाजं सांधलेला माणूस.
"मी जोडतो," म्हणाला. "धडधाकट अंगाचा लचका तोडत नाही."
मुखवटा टेबलावर ठेवून जेवायला गेला
आणि तीन दिवस आलाच नाही.

चौथ्या दिवशी त्याला घरून उचलला, कोन्सेप्सियोनच्या प्रयोगशाळेत नेला.
चुना फासलेली तुळई तिथे आडवी बांधलेली,
दट्ट्या तिला ढकलत होता, ओढत होता,
संथ, जात्यासारखा.
बराच वेळ काहीच नाही.
मग कोरलेल्या कंबरेवरून एक पोपडा सुटला,
मग तिरक्या रेघा, रेघांवर रेघा,
चुना भुरुभुरु खाली,
पोलाद तिथे लवत होतं, तापत होतं,
हादऱ्याचं बळ घोटाघोटाने पिऊन टाकत होतं.
सांध्यावरचा चुना पांढराच्या पांढरा.

नोल्बेर्तोने अंगठ्याने तो पुसला. "टाका कुणाचा?"
कुणा नव्या पोराचा, असं कळलं.
"बरा आहे."

परतताना बिओबिओवरचा पूल ओलांडला तेव्हा बोलला:
"त्या फेब्रुवारीत भावाच्या कारखान्यातला माळा खाली आला.
टाका माझा होता. नंतर भिंगाने पाहिला. खोट नव्हती."
मी म्हटलं, तिथे दुसरं काही वाकायलाच नसेल.
त्याने रेडिओ लावला.

एकशे बारा कंबरा त्याने कोरल्या.
कडा घासून घासून अशा केल्या
की बोटाला कुठे सुरुवात लागू नये.
एक चंद्रकोर घरी नेली. ओसोरेसने तिचाही हिशेब मागितला.

आता ते सगळं छतामागे, आगरोधक लेपाखाली.
थोरला अजून आलेला नाही.
जूनमध्ये एक धाकटा येऊन गेला, पहाटे चारला.
मी अंथरुणात सेकंद मोजत होते, चाळिसापर्यंत पोचले,
आणि दोमितिलाचा निरोप आला:
"दिवे चालू. पाणी आहे.
माझा चहा सांडला.
तुझ्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात लिहू?"