दहाचा पंखा

अबू खलफान तेरा मागतो.
पुतण्याकडे तेरा आहे, स्टीलचा, आरशासारखा.
परवा खाडीच्या तोंडाशी पुतण्यानं ह्याला मागं टाकलं
आणि वर हात हलवला.
हात हलवला, हे तो तीनदा सांगतो.

मी बाकड्यावर दोन पंखे ठेवतो.
घेर तोच, पाती तीन-तीन. फरक पिळात.
तेरा म्हणजे एका गिरकीत तेरा इंच पुढं,
स्क्रू लाकडात जातो तसा.
पण उम्म अल कुवैनचं पाणी लाकूड नाही, बाबा.
ते सटकतं.

किती गरगूर नेतोस?
फार नाही.
किती?
वीस. कधी पंचवीस.
बर्फ?
थोडा.
माणसं?
मी आणि हा पोरगा. पोरगा हलका आहे.

पोरगा म्हणजे तोफाज्जल, सिलेटचा, पंचेचाळिशीचा.
दारात उभ्या उभ्या पोट आत ओढून घेतो.

हर्णैला बाप मचव्याचा पंखा निवडायचा
तेव्हा मालकाला काही विचारायचाच नाही.
कडेला वाकून शेवाळ बघायचा,
कुठवर चढलंय.
मीही वाकतो. चार बोटं जास्त.
पंचवीस कुठले, पस्तीस.

तर पस्तीस भरले. जाळीचे घुमट एकात एक,
बर्फाच्या दोन पेट्या, तोफाज्जल, मी, आणि तो.
लिव्हर शेवटपर्यंत.
काटा छेचाळीसशेवर गेला आणि तिथंच बसला.
इंजिन घशातल्या घशात बोलू लागलं,
गोणीखालचा हमाल बोलतो तसं.
नाक आभाळात, शेपूट पाण्यात,
तोफाज्जलच्या मांडीवर फेस.
मोटर कमजोर नाही, मी ओरडलो,
घास मोठा आहे!
वाऱ्यात त्याला 'मोटर कमजोर' एवढंच ऐकू गेलं.
तो दुखावला.

वाळूच्या पट्टीवर गुडघाभर पाण्यात उतरलो.
पिन दातांत, नट खिशात,
शाफ्टला ग्रीसचं बोट.
पलीकडे रोहित उभे, एका पायावर,
त्यांना कसलीच घाई नव्हती.

दहा.
काटा बावन्नशे.
नाक खाली आलं, होडी पाण्यावर चढून बसली,
आणि आवाज असा मोकळा झाला
की तोफाज्जल उगाच हसला.
अबू खलफान हसला नाही.
मगापेक्षा पळते, म्हणाला.
पुतण्यापेक्षा नाही.

त्यानं दोन्ही घेतले.

मग वर्षभर हे असं:
गुरुवारी संध्याकाळी मी तेरा चढवायचा.
शुक्रवारी नमाजानंतर होडी रिकामी,
कंदुरा इस्त्रीचा,
कॉर्निशसमोरून एक फेरी, फक्त एक.
शनिवारी पहाटे पुन्हा दहा, पुन्हा गरगूर.
बदलायचे पैसे मी घेत नसे.
एक हमूर घेत असे,
आमच्याकडचा गोबराच तो, इकडे येऊन नाव बदललेला.

पुतण्यानं होडी विकली रमजानच्या आधी.
अबू धाबीत नोकरी, एसी, गळ्यात ओळखपत्र.
अबू खलफान अजून गुरुवारी येतो,
चहा घेतो,
पंखा बदल म्हणत नाही.
मीही पाना हातात घेत नाही.

तेरा माझ्याच दुकानात आहे, खिळ्यावर.
तोफाज्जल त्यात बघून भांग पाडतो.
तीन पात्यांत तीन तोफाज्जल,
तिघंही पोट आत ओढून.