हिमनदीच्या दोनशे किलोमीटर अलीकडे

वाऱ्यापायी रस्ता बंद, पंपावरचा पोरगा म्हणाला
आणि टोपी दाबत आत पळाला.
पातागोनियात वाऱ्याशी कोण हुज्जत घालणार?
हिमनदीची चार तिकिटं
गाडीच्या कप्प्यात, चिकट टॉफीखाली.

एउसेबिओ तासभर नकाशाशीच भांडला.
सासूबाईंनी थर्मास उघडला.
कडू चहाचा तुंबा फिरत फिरत
अडकलेल्या ट्रकवाल्यापर्यंत गेला,
एकच नळी, सगळ्यांची उष्टी.

धाकटीनं पंपाच्या फ्रीजरमधला
खरवडलेला बर्फ मागून आणला,
बशीत ठेवला:
"ही घ्या. हळू बोला, कडा तुटेल."

आम्ही खुर्च्या ओढल्या.
ट्रकवाल्यानं चक्क फोटो काढला.

बशीत पाणी झालं
तरी बाहेर पत्रे वाजतच होते.
"मग उद्या?" एउसेबिओनं विचारलं.
मी काही बोलले नाही,
तुंबा माझ्याकडे आला होता.