खिळा

शनिवारी सकाळी चर्चच्या पत्र्याच्या हॉलमध्ये
आम्ही अकरा जण.
केप टाउनच्या कडेची ही वस्ती, घराला घर चिकटलेलं;
शेजारीण कांदा परतते, डोळे आमचे चुरचुरतात.
डिसेंबरात वारा सुटतो तो आग्नेयेचा.
दिशेच्या नावातच अग्नी,
वेगळी काडी कशाला ओढायची!

शिकवायला झोलेका बाई.
बावीस वर्षं बंबावर काढली, आता गुडघा वाकत नाही.
पहिलाच प्रश्न:
"स्टोव्ह विझवून, गार करून, मगच रॉकेल भरणारे कोण?"
अकरा हात वर.
बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, पाय लांब केला.
"आता खरं सांगा."
हात चोरासारखे खाली आले. माझा सगळ्यांत आधी.

"लोकही तुम्हाला असेच हात दाखवतील," त्या म्हणाल्या.
"फसू नका, आणि डाफरूही नका.
पगार शुक्रवारचा, रॉकेल संपतं गुरुवारी,
मक्याचं पीठ अर्धं शिजलेलं, कडेवर पोर किरकिरतंय.
तिथून बोलायला लागा.
जळक्या घरांचे फोटो नेऊ नका.
घाबरलेला माणूस ऐकत नाही,
नुसती मान हलवतो."

मग ज्याने त्याने दहा मिनिटं शिकवून दाखवायचं.
टॅक्सी स्टँडवर रांगा लावणारा अबोंगिले
धूर वर असतो म्हणत पांढऱ्या बुटांसकट जमिनीवर रांगला;
बूट पुसत उठला, टाळ्या घेतल्या.
नोबान्तू मावशींनी प्रार्थनेतच अर्धा वेळ घालवला.
मी माझ्या बालवाडीचं सांगितलं:
आग लागली की तीन वर्षांची पोरं पलंगाखाली लपतात,
आणि मास्क घातलेला जवान दिसला की आणखी आत सरकतात.
बाईंनी मास्क चढवला, माझ्या कानाशी श्वास घेतला.
खर्र. खर्र.
"हा आवाज त्यांना आधी ऐकव.
भूत नाही, मी आहे, म्हणून सांग."

शेवटी म्झोक्सोलो.
चपला शिवणारा, तीन शनिवार गप्प बसलेला.
खिशातून खिळा काढला, एक हातोडी,
एक प्लास्टिकची पिशवी.
दाराच्या चौकटीपाशी उकिडवा बसला
आणि गुडघ्याच्या उंचीवर खिळा ठोकला.
कुणीतरी हसलं: "काका, मांजरासाठी का?"
तो वळला नाही. पिशवी अडकवली.
"ओळखपत्र. पेन्शनचं कार्ड. मुलाचा जन्मदाखला,"
तो खिळ्यालाच सांगत होता.
"नोझिझ्वे बाहेर आली होती. माझ्या शेजारी उभी होती.
दाखला आत राहिला म्हणाली."

पत्रा वाऱ्याने वाजत होता.
तेवढ्यात हातोडी कुठे ठेवावी हे त्याला कळेना.
"रांगत येताना हाताला लागली तर पिशवी.
नाही लागली तर तसंच बाहेर.
परत नाही."
बसला जागेवर. चार मिनिटंही झाली नव्हती.

बाईंच्या हातात गुणांचा कागद होता:
आवाज, नजर, वेळेचं भान.
त्यांनी तो खुर्चीवर ठेवला,
चौकट धरून, दात आवळून, खाली गेल्या,
न वाकणारा पाय बाजूला टाकून.
डोळे मिटून हात पुढे केला.
पिशवी सापडली.
"दोन बोटं अजून खाली घे," म्हणाल्या.
उठवायला आम्हा तिघांना लागलं.

सोमवारी बालवाडीच्या दाराशी मीही खिळा मारला, अगदी खाली.
पिशवीत हजेरीपट, आयांचे फोन नंबर.
दुपारी पाहते तर पिशवीवर
कुणीतरी आपला एक ओला मोजा वाळत घातलेला.
मी काढला नाही.
जागा त्यांना सापडली होती.