पट्टीतला शेवटचा चौकोन

हरभट रोडवर, चौगुले फोटो स्टुडिओच्या माडीवर
मी अकरा हजार फोटोंना वाट काढून देते आहे.
पडद्याच्या तळाशी एक पट्टी, तिच्यात चोवीस रंग.
बोट ठेवलं की त्या रंगाचे फोटो वर यायचे,
बाकीच्यांनी गुमान मागे सरायचं.
नावं नाहीत, सालं नाहीत. वह्या पुरात गेल्या.

भूपालकाका स्टुलावर बसून बघतात.
त्यांना पट्टी समजवावी लागली नाही.
‘निळा पडदा म्हंजे अण्णा होते तोवर.
पोपटी आला माझ्या लग्नानंतर.
त्याच्यावर शाई सांडली, तवापास्नं गुलाबी.’
चाळीस वर्षं ते असंच शोधत आलेत.
मी फक्त वर काच लावली.

यंत्र मात्र सरासरी काढतं.
शालू, मुंडावळ्या, मांडव, आत्याचा चष्मा
सगळं एका पातेल्यात ढवळतं
आणि सांगतं : मातकट.
सात हजार फोटो मातकट.
काका हसले. ‘पुराला पण असंच वाटलं हुतं.’

सरासरी सोडली.
नजर आधी जिथे जाते तो रंग धरायचा, असं ठरवलं.
मार्केट यार्डातली हळदीची पोती पिवळ्यात आली,
त्यांच्याशेजारी कुणा नवरदेवाचे दोन तळहात.
आमसुली कुठे बसवायचा यात एक दुपार गेली.
काका म्हणाले जांभळ्यात, काकू म्हणाल्या लालात.
दोन्हीकडे ठेवला.

गुरुवारी कवठेपिरानहून शमशाद मुजावर आल्या.
अम्माचा फोटो हवा होता, घरातला पाण्यात गेला.
‘रंग आठवतो?’
‘राणी. राणी रंगाची साडी, काठ पोपटी.
मी मांडीवर. काठ चोखत होते.’
राणी दाबला. एकशे बारा बायका आल्या.
त्यांनी एकेकीला न्याहाळलं,
एकीला तर दोनदा,
आणि मान हलवली.

दिवेलागणीला काकांनाच सापडला,
जिन्याखालच्या खोक्यात. काळा-पांढरा.
साडी राखाडी, काठ किंचित फिकट राखाडी,
ओठांत काठ धरलेलं बाळ.
शमशादबाई कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, ‘हाच की. दिसतोय की राणी.’

आज पट्टीला पंचविसावा चौकोन जोडला.
रिकामा, नुसती कड.
दाबला की फोटो येत नाही, प्रश्न येतो :
तुम्हाला कोणता आठवतो?

तो फोटो मी राणीत ठेवलाय.
यंत्र रोज रात्री तपासणी करतं
आणि त्याच्यावर चुकीची खूण करून ठेवतं.
सकाळी चहाच्या आधी
मी ती पुसते.