तिथे अजून काल आहे

काटोल नाका मागे पडला तेव्हा पाच वाजून गेलेले.
वैशाखात उशीर केला तर दगडांना हात लावता येत नाही,
म्हणून आई म्हणाली, आत्ताच चल.
मागच्या सीटवर ती, मांडीवर पाण्याची कॅन,
दुपट्ट्याच्या आत पुटपुटणं:
"पोर्णिमा तिची टेकडी दाखवते,
मी माही दाखवतो."

जुनापाणीची शिळावर्तुळं अजून राखाडी होती.
फोन लागला. पलीकडे संध्याकाळ,
मेक्सिकोतला कुठलासा उतार, पायऱ्यांवर पायऱ्या,
डोंगराचा माथा भाकरीसारखा थापून सपाट केलेला.
ताई धापा टाकत म्हणाली, "इथे अजून काल आहे, आई."
"मंग काल जेवली का नाई?"

ती दाखवत गेली: चेंडू खेळायचं दगडी अंगण,
एका शिळेवर कोरलेला कुणी, गुडघे वाकलेले, तोंड उघडं,
नाचतोय की मेलाय, यावर अजून वाद आहे म्हणे.
मिरचीही मुळात याच मुलखातली.
"आपली भिवापुरी?"
"ती पण."
"हट्."

तीन हिवाळे आईने उत्खननाच्या तंबूत काढलेले,
रोजीवर. घमेल्यात खापरं धुवायची,
लाल वेगळी, काळी-तांबडी वेगळी,
टोपलीला नंबराची चिठ्ठी.
ते नंबर तिला अजून पाठ आहेत.
पुढे त्या टोपल्या कुठे गेल्या, कुणी सांगितलं नाही,
तिनेही विचारलं नाही.
आत्ता विचारलं:
"पोरी, तिथं खापरं धुवाले कोन बसते?"

ताई थांबली. कॅमेरा हलला. आभाळ, तिचा बूट,
एक सरडा, पुन्हा आभाळ.
"माहीत नाही गं. थांब, विचारते."
पहारेकऱ्याची शिट्टी, वेळ संपली, खाली उतरा.
ताईची मोडकी स्पॅनिश,
मग कुणा बाईचं मोठ्ठं हसणं,
आणि तेवढ्यावर चित्र गोठलं:
अर्धी पायरी, एक सावळं कोपर.

मी म्हटलं, रेंज गेली, दे इकडे.
आईने फोन दिला नाही.
वर्तुळातल्या एका दगडाशी ती उकिडवी बसली,
ज्याच्यावर ओळीने खळगे आहेत, बोटाचं पेर मावेल एवढे.
पदराने त्यांतली माती टिपली,
फोन दगडासमोर धरला
आणि त्या कोपराला सांगू लागली:

"रंग असन तं ब्रश नोको मारू, बाई.
बोटानंच."